टाके घातलेली कर्दळ

मी एकदा झाडाची पानं शिवली होती.

पत्रावळीसाठी नव्हे. पत्रावळी लावणाऱ्या बाया शहाण्या असतात, त्या तोडलेली पानं घेतात. मी जिवंत झाडावरची, देठाला लागलेली, गारांनी फाटलेली पानं शिवली. नऊ नंबरची सुई, हिरवा रेशमी दोरा, आणि टाका कोणता म्हणाल तर हेरिंगबोन. शिवणाच्या परीक्षेत याच टाक्याला बाईंनी माझी पाठ थोपटली होती, तेव्हापासून तो कुठेतरी वापरायला मी टपलेलीच होते.

नातवंडांना हे सांगितलं की ती विचारतात, "आजी, तेव्हा तू केवढी होतीस?" त्यांचा अंदाज सहा-सात वर्षांचा असतो. मी म्हणते, एकवीस पूर्ण. लग्न झालेली, डिप्लोमा झालेली, सर्टिफिकेट चौकटीत लावून भिंतीवर टांगलेली. मग ती एकमेकांकडे बघतात. बघू देत. त्यांच्याही हातून काहीतरी शिवलं जाईलच.

ज्यांची ती पानं होती त्या आमच्या घरमालकीणबाई. मोहल्ल्यात त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे, मी बाई म्हणायचे. नगरपालिकेच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी बाळंतपणं केली आणि रिटायर झाल्यावरही त्यांचं ते सुटलं नाही, फक्त पेशंट बदलले.

नागपुरात आम्ही आलो ते सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला. ह्यांची नोकरी ट्रान्सपोर्ट कंपनीत. नाशिकहून वाडीच्या गोदामावर बदली झाली. हे भिवापूरकडचे, मी नाशिकची, आणि आमचं लग्न दोन्ही घरांनी एकमतानं नापसंत केलेलं. खोली शोधायला गेलं की मालक आधी पाणी द्यायचे, मग नाव विचारायचे, मग आडनाव, मग "म्हणजे तुम्ही कोण?" आम्ही दोघांनी दोन वेगवेगळी उत्तरं दिली की तिसऱ्या मिनिटाला कळायचं, खोली कालच गेली. सात खोल्या अशा काल गेल्या.

आठव्या ठिकाणी दारात बाई उभ्या होत्या. ठेंगणा, भक्कम बांधा, पांढरं पातळ, पायात रबरी बूट आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर. आम्ही नावं सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"झाडं मारले काय आजवर?"

"जी?" हे म्हणाले.

"तुमच्या हातानं झाड मेलं काय कधी? खरं सांगा."

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "मी कधी लावलंच नाही."

"हे खरं बोलली," त्या ह्यांना म्हणाल्या, आणि आम्हाला वर पाठवलं.

वर म्हणजे गच्चीवर एक खोली, पत्र्याचं स्वयंपाकघर आणि बारा झाडं. बाईंचे गुडघे गेले होते, एकोणीस पायऱ्यांचा जिना त्यांना पेलत नव्हता, म्हणून खोली भाड्यानं होती. पण बोली चमत्कारिक होती. "बारा घेऊन राहाची, सोडताना बाराच द्याची. एक मेली तं खोली खाली." आम्हाला वाटलं, थट्टा आहे. समोरच्या पानठेल्यावर कळलं की आमच्या आधीचे मास्तर गुलाब वाळला म्हणून ट्रंक उचलून गेले होते.

माझ्या मावशीनं पत्रातून खोचकपणे विचारलं, घर कुणाचं आहे? मी उलट टपाली लिहिलं, बारा झाडांचं. तिनं पुढे दोन वर्षं पत्र पाठवलं नाही. सुख म्हणतात ते असं येतं.

एकाही झाडाला धड कुंडी नव्हती. लिंबू डांबराच्या ड्रममध्ये. ते सगळ्यांत जुनं, बाईंच्या घरानं दीक्षा घेतली त्या वर्षी लावलेलं, म्हणून एक नंबर. कर्दळ फुटक्या माठात, गोडलिंब वनस्पती तुपाच्या डब्यात, धोपा (आमच्याकडे त्याला अळू म्हणतात) कपडे धुवायच्या टपात. आणि सदाफुली एका पांढऱ्या इनॅमलच्या, एका बाजूनं निमुळत्या होत गेलेल्या पसरट भांड्यात. त्या भांड्याचा आकार मला फारच आवडला. मला वाटलं, विलायती सूपचं पात्र असणार. एक दिवस मी बाईंना म्हटलं, "असं अजून एक असेल तर द्या ना, पाहुणे आले की त्यात रस्सा वाढीन."

बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग ते भांडं दवाखान्यात पेशंटच्या नेमकं कुठे सरकवायचं असतं, हे त्यांनी हातवारे करून दाखवलं. त्यानंतर महिनाभर आमच्या घरी रस्सा झाला नाही.

प्रत्येक झाडाच्या बुंध्याला पांढऱ्या सुती पट्टीवर शाईनं लिहिलेला नंबर बांधलेला असे, दवाखान्यात नवजात बाळाच्या मनगटाला बांधतात तसा. नाव कुणाला नाही. "नाव ठेवलं का माया लागते, अन् माया लागली का लोक जास्तीचं पाणी घालतात," असं बाईंचं म्हणणं. रोज सकाळी त्या अंगणातून हाक मारायच्या, "चार नंबर कशी आहे वं?" मी कठड्यावरून ओरडायची, "ताप नाही, बाई!" "अन् नऊ? पोट साफ आहे?" म्हणजे डब्याच्या भोकातून पाणी नीट निचरतंय का. शेजारी नवीन राहायला आलेल्या एका बिचारीनं आठवडाभर हे ऐकलं आणि पानठेल्यावर विचारलं, वरती प्रसूतिगृह आहे तर रडणं कसं ऐकू येत नाही?

मोहल्ल्यावर बाईंची हुकमत होती, कारण निम्मा मोहल्ला त्यांच्याच हातावर जन्मलेला. दांडग्या मिशांचा एक किराणावाला तांदळात खडे घालायचा. बाईंनी त्याच्या दुकानासमोर, भर गर्दीत, खड्यांची पुडी त्याच्या गल्ल्यावर ठेवली. "काहून गा? पायाकडून आला होता तू. तीन तास लागले मले तुले बाहेर काढाले. हे खडे खाऊ घालाले काढला काय?" मिशांसकट तो माणूस खाली बघत राहिला. पुढे आमच्याकडे तांदूळ निवडायची कटकटच उरली नाही.

झाडांच्या बाबतीत त्यांचा एकच ठेका होता, पान बघ. "पान म्हणजे जीभ. डॉक्टर पहिले काय बघते? जीभ." खालची पानं पिवळी पडली की त्या मला मातीत दोन पेरं बोट खुपसायला लावायच्या. ओलं लागलं तर माझी खरडपट्टी, कोरडं लागलं तरी माझीच. पानामागे कापसासारखी पांढरी कीड बसली की साबणाचं पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश. पानाची कड करपली, की ऊन की खत की वारा, हे माझ्याकडून वदवून घ्यायच्या, आणि मी चुकले की म्हणायच्या, "डिप्लोमा आहे ना वं तुझ्यापाशी? मंग?"

डिप्लोमा शिवणाचा आहे, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं होतं. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी चैत्र संपता संपता बाई कन्हानला गेल्या. भाचीचं बाळंतपण होतं आणि तिथल्या डॉक्टरवर बाईंचा विश्वास नव्हता. डॉक्टरही त्यांच्याच हातचा होता, म्हणून. जाताना जिन्याखाली उभं राहून त्यांनी बजावलं, "चार दिवस. काही झालं तं काही करू नको. समजलं? काही करू नको."

दुसऱ्याच दिवशी दुपारी चारला आभाळ काळंठिक्कर झालं. आधी धुळीचा लोट आला, मग स्वयंपाकघराच्या पत्र्यावर कुणीतरी कवड्या ओतल्यासारखा आवाज, मग कवड्यांची लिंबं झाली. मी दाराच्या फटीतून बघत होते. कठड्यावरचा मोगऱ्याचा डबा डोळ्यांदेखत गच्चीवर आपटला आणि मुळं उघडी पडून लोळायला लागला. वीस मिनिटांनी सगळं थांबलं आणि वर असं लख्ख ऊन पडलं की जणू मघाचा गोंधळ कुणी दुसऱ्यानंच घातला होता.

कर्दळीच्या पानांच्या झिरमिळ्या झाल्या होत्या. धोप्याच्या पानांतून पलीकडचं दिसत होतं. जास्वंदीची एक फांदी सालीच्या धाग्यावर लोंबत होती, दुसरी नुसती चिरली होती. मी गच्चीच्या मधोमध उभी राहून हिशेब केला: बारा झाडं, एक खोली, आणि तीन दिवसांनी येणाऱ्या बाई.

काही करू नको, असं त्यांनी बजावलं होतं ना? एकवीस वर्षांच्या, डिप्लोमा झालेल्या मुलीला एवढं सांगून भागतं का? मी आधी मोगरा उचलून डब्यात कोंबला. मग शिवणाचा डबा बाहेर काढला.

संध्याकाळी हे गोदामावरून आले तेव्हा मी कर्दळीच्या तिसऱ्या पानावर होते.

"काय करून राहिली वं?"

"शिवतेय."

ह्यांनी सायकलच्या क्लिपा काढल्या, खाली बसले आणि पान जवळ धरून टाके तपासू लागले. मग म्हणाले, "गाठ आतल्या बाजूनं मार. वरून दिसून राहिली." एकटी मीच मूर्ख नव्हते, हे नोंदवून ठेवते.

शिवून झाल्यावर वाटलं, एवढ्या आजारातून उठलेल्याला टॉनिक हवं. घरात युरियाचा डबा होता; गोदामात फुटलेल्या पोत्यातून सांडलेला ह्यांनी केव्हातरी आणून ठेवला होता. मी प्रत्येक झाडाला मूठ मूठ घातला. मोगऱ्याला जास्त लागलं होतं, त्याला दोन मुठी. त्या रात्री मी फार समाधानानं झोपले.

चौथ्या दिवशी बाई आल्या. कन्हानला नात झाली होती, पिशवीत पेढे होते. त्या एकोणीस पायऱ्या चढल्या, दर पाचव्या पायरीला थांबत. गच्चीवर आल्या, आणि कर्दळीपुढे उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"हे काय आहे वं?"

"टाके," मी म्हटलं.

"कोण घातले?"

"मी."

त्यांनी वाकून पान हलक्या हातानं उलटं केलं. "मागून सफाई चांगली आहे," त्या म्हणाल्या. मी खुलले. मी म्हटलं, "हेरिंगबोन आहे, बाई."

मग जे हसू फुटलं त्यानं त्यांना उभं राहवेना. लिंबाच्या ड्रमला टेकून त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मधेमधे "हेरिंगबोन!" म्हणून पुन्हा सुरू होत होत्या. "अवं बैताडे," दम लागल्यावर त्या म्हणाल्या, "पान म्हणजे झाडाची चूल असते. फुटकी चूल बी सैपाक करते. गारांनी दोन जागी फाडलं होतं, तू टाक्या-टाक्याले भोक पाडलं. मी हजार बायका सोडवल्या, पण कोणाले पदर फाटला म्हणून टाके नाई घातले."

मी टाके काढायला कात्री आणली तर ती त्यांनी हिसकावून घेतली. "राहू दे. आता काढाले गेली तं आणखी फाटन."

मग त्यांची नजर मातीवर गेली. वरच्या कोरड्या मातीत थोडे पांढरे दाणे अजून दिसत होते.

"हे काय?"

"युरिया. ताकदीसाठी."

हसू थांबलं. "किती?"

"मूठ मूठ."

"सगळ्याइले?"

"मोगऱ्याला दोन."

बाईंनी पातळ खोचलं. "बादल्या आण," एवढंच म्हणाल्या. अंगणातल्या विहिरीवरून पाणी शेंदायचं, एकोणीस पायऱ्या चढायच्या, वरचे दाणे खरवडून काढायचे आणि प्रत्येक डब्यात पाणी ओतत राहायचं, खालच्या भोकातून स्वच्छ धार येईपर्यंत. खत धुऊन जायला हवं होतं. हे गोदामावरून आले तसे ऑफिसच्या पँटीतच बादल्या उचलायला लागले. दिवेलागणीपर्यंत आमच्या दोघांचे खांदे उतरले होते आणि बाई खुर्चीवर बसून भोकं मोजत होत्या: "नऊ नंबरचं तुंबलं आहे, काडी घाल."

मग त्यांनी खुर्चीवरूनच फर्मान काढलं. "आता सव्वा महिना. सगळ्या बाळंतिणी समज. दुपारचं ऊन नाई. वारं नाई. खताचं तं नाव बी काढू नको. माती कोरडी लागली तरच पाणी, अन् तेही सकाळी. जे मोडून लोंबून राहिलं थे उकळलेल्या ब्लेडनं साफ काप. ज्याची साल जागेवर आहे त्याले बांबूची कामटी बांध. अन् फाटकं पान आहे तसं ठेव, नवी पालवी येईपर्यंत तेच पोसन तिले."

मी घाबरत विचारलं, "बाई, यातलं एखादं नाही जगलं तर?"

"बोली ते बोली," त्या म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

सव्वा महिना म्हणजे अख्खा वैशाख आणि वर नवतपा, मे अखेरचे ते नऊ जाळते दिवस. नवतप्यातलं नागपूर ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगावं? नळाचं पाणी चहाला चालेल इतकं तापतं. आम्ही आमच्या खिडकीची वाळ्याची तट्टी काढून झाडांच्या पश्चिमेला बांधली. झाडं वाळ्याच्या गारव्यात आणि आम्ही दोघं आत भट्टीत. हे म्हणायचे, "आपल्याले बी एकेक नंबर बांधून घेऊ, म्हणजे तिकडं झोपता येईल."

दरम्यान बाईंनी माझी कीर्ती गल्लीभर केली. "आमच्या भाडेकरीणबाईनं शिवलेलं झाड पाहाले चला." पोस्टमन वर आला, किराणावाला मिशा आवरत आला. आम्हाला खोली नाकारणाऱ्या सातांपैकी एक मालकीण पण आली. तिनं कर्दळ पाहिली, तोंडाला पदर लावला आणि हसत हसत मटकन खाली बसली. मग चहा झाला. जाताना म्हणाली, "माझ्या ब्लाउजची बाही उसवली आहे, पाठवू का?" नागपुरातलं माझं पहिलं गिऱ्हाईक असं कर्दळीनं मिळवून दिलं.

विसाव्या दिवशी कर्दळीतून नव्या पानाची हिरवी सुरळी वर आली. बिनटाक्याची. मी कठड्यावरून इतक्या जोरानं ओरडले की खालचा सायकलवाला थांबला. जास्वंदीची कामटी बांधलेली फांदी पानं धरायला लागली. लिंबाच्या शेंड्याला तांबूस पालवी आली. कडा करपलेली जुनी पानं एकेक करून गळत होती आणि मला आता त्याची भीती वाटत नव्हती.

राहिली सात नंबर. मोगरा.

तिची पानं टोकापासून तपकिरी झाली आणि गळायच्या ऐवजी तशीच चिकटून राहिली. बाईंनी मला शिकवलं होतं, नखानं साल जरा खरवडायची. आत हिरवं असलं तर जीव आहे. मी रोज खरवडायची. रोज जरा खाली हिरवं सापडायचं. असं करत करत मी बुंध्यापर्यंत आले आणि एका सकाळी तिथेही तपकिरी लागलं.

"सात नंबर कशी आहे वं?" खालून हाक आली.

मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "आराम आहे, बाई!"

दुसऱ्या दिवशी, "सात नंबर?" "झोपली आहे, बाई." तिसऱ्या दिवशी, "जरा सुधारतेय." असे सहा दिवस. सातव्या दिवशी सव्वा महिना पुरा होत होता आणि बाई वर येणार होत्या.

मी ह्यांना म्हटलं, "बर्डीच्या बाजारात माळी बसतो. तेवढाच मोगरा आणते आणि डब्यात लावते. कुणाला कळणार?"

"अवं, त्या बाईनं हजार लेकरं ओळखून ज्याच्या त्याच्या आईपाशी देल्ले," हे म्हणाले. "तुले मोगरा नाई ओळखू येनार तिले?"

"मग काय ही आठवी खोली पण काल गेली म्हणायची?"

ह्यांनी जुनी ट्रंक पलंगाखालून ओढली आणि उगीच पुसत बसले. ते बघवेना, म्हणून मी निघाले.

बाजारात मोगरा मिळाला, उंचीला जुळणारा, चार फुलंसुद्धा लागलेली. सात नंबरची पट्टी मी घरूनच सोडून नेली होती, ती तिथेच बुंध्याला बांधली. रोप कापडी थैलीत घातलं, वर वर्तमानपत्र झाकलं आणि भर दुपारी, बाई झोपलेल्या असतील अशा बेतानं परत आले.

बाई दारातच बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या.

"थैलीत काय आहे वं?"

"मेथी."

"नवतप्यात मेथी?"

"मिळाली एक जुडी."

"अन् तिले मोगऱ्याचा वास काहून येऊन राहिला?"

मी पहिल्या पायरीवर थैली ठेवली. बाईंनी वर्तमानपत्र बाजूला केलं, पट्टी बोटावर घेतली. "हे पट्टी माझी आहे. गाठ माझी नाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बत्तीस वर्षं वं. एक लेकरू बदललं नाई माझ्या हातानं. अन् तू माझ्याच दारातून घेऊन चालली?"

मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं. सहा दिवसांपूर्वी गेली, दोन मुठी मीच घातल्या होत्या, "आराम आहे" म्हणत होते तेव्हा ती मेलेली होती.

त्या उठल्या आणि जिना चढायला लागल्या. दर पायरीला थांबत. मी मागे. हे ट्रंकेपाशी उभे राहिले. बाईंनी सात नंबरचा डबा स्वतः उपडा केला. मुळं भिजलेल्या सुतळीसारखी काळी पडली होती. त्यांनी ती बोटांत धरून पाहिली, एक मूळ तुटून हातात आलं.

"मेलं तं मेलं म्हणाव," त्या हळूच म्हणाल्या. "आईच्या तोंडावर सांगतलं आहे मी, किती वेळा. पाय उचलत नाई त्या खाटेकडे. पण 'झोपलं आहे' असं नाई म्हटलं कोणाले."

गच्चीवर उरलेली अकरा उभी होती. कर्दळीला आता सहा नवी पानं होती आणि खाली तीन शिवलेली, अजून हिरवी.

मी डोळे पुसले. "बाई, बोली ती बोली. आम्ही खोली सोडतो. फक्त दोन दिवस द्या."

बाईंनी हातावरची माती झटकली, माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं. मग जिन्याखाली उन्हात राहिलेल्या थैलीकडे बोट दाखवून म्हणाल्या:

"खोली कायले सोडून राहिली वं, बैताडे? थे थैलीतली उन्हानं चालली तिकडं, तिले आण पहिले वर. अन् तू गेली तं तिले पाणी कोण घालन?"